कागदावरची तिरकी ओळ

सासरे गेले, पण त्यांची एक सवय घरात राहिली. ओळखपत्राची झेरॉक्स कुणालाही द्यायची तर फोटोपासून नंबरापर्यंत तिच्यावर तिरकं लिहायचं: कुणाला दिली, कशासाठी दिली. "कोरी झेरॉक्स देणं म्हणजे किल्ली दाराला टांगून गावाला जाणं," असं ते म्हणत.

मुलगा हसायचा. "बाबा, आपल्या घरातून चोर नेणार काय? उलट दया येऊन चार पैसे ठेवून जाईल."

सूनबाई मात्र ऐकायची. घरी बसून ती शाळेचे गणवेश शिवायची. माप घेतल्याशिवाय तिची कात्री कापडाला लागत नसे, तसंच हेही.

आता त्याच मुलाच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर डायलिसिस चाललं होतं. ती मदत एकाएकी थांबली. तुमच्या बायकोला मोठा पगार आहे, असं इस्पितळाच्या खिडकीवर सांगितलं.

"मला न सांगता नोकरी धरलीस होय?" नवरा म्हणाला. "निदान पंखा तरी नवा घ्यायचास." स्वतःच्याच विनोदाला हसताना त्याला धाप लागली.

ती कर कार्यालयात गेली. अधिकारीबाईंनी संगणकावर तिचा नंबर घातला आणि चष्मा वर सरकवला.

"एका बांधकाम कंपनीत तुम्ही मोठ्या पगारावर आहात. तुमच्या नावानं विवरणपत्र भरलंय आणि कराचा परतावा कुणीतरी उचललाय. तुम्ही कधी कराचं खातं उघडून बघत नाही का?"

"माझी कमाई करापर्यंत पोचतच नाही. मी काय बघू?"

"म्हणूनच तुमच्यासारख्यांचे नंबर शोधतात ते. जिकडे कुणी बघत नाही, तिथे त्यांना रान मोकळं." बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. "नोकरीसाठी हा कागद जोडलाय. ओळखता?"

तिचीच झेरॉक्स. कुणीतरी मजकूर पुसायला बघितलं होतं. पण अक्षरं फोटोवरून आणि नंबरावरून गेलेली, ती पुसायची तर नंबरही गेला असता. तिरकं, तिच्या हातचं: 'फक्त सासऱ्यांना वॉर्डात भरती करण्यासाठी.'

"म्हणजे कागद कुठून फुटला ते ठरलं," बाई म्हणाल्या. "कुणाच्या हातात दिला होता, तेवढं जबाबात लिहा. इस्पितळाला मी आजच कळवते. नाव नसेल तर मग चौकशी."

"तिला किती दिवस लागतील?"

"महिने," म्हणत बाईंनी जबाबाचा कागद तिच्यापुढे सरकवला. नवऱ्याचे पाय कालपासून सुजायला लागले होते.

हात तिला आठवत होता. वॉर्डातल्या मावशीचा. सासऱ्यांची वाचा गेली तेव्हा बाकीचे नुसते येऊन जाऊन होते. मावशी त्यांचं अंग पुसायची, उशाशी बसून देवाचं गाणं म्हणायची. म्हातारा पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटानं ठेका धरायचा, आणि तो कधी चुकला नाही. बोट थांबलं तेव्हा डोळे मिटवले तेही मावशीनंच. मुलाला ते झालं नाही.

सही न करता ती उठली आणि वॉर्डात गेली. मावशी रिकाम्या पलंगावर चादर घालत होती.

"अगं सूनबाई! किती वाळलीस! नवरा बरा आहे ना?"

"मावशी, माझी झेरॉक्स कुणाला दिलीत?"

कुठली झेरॉक्स, असं मावशीनं विचारलं नाही. तिचे हात चादरीवर थांबले.

"एक माणूस यायचा. रद्दी आहे म्हणायचा, गठ्ठा घेऊन पैसे द्यायचा. तू त्यावर लिहिलं होतंस म्हणा, पण मला वाचता कुठं येतं?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"पहिल्या खेपेला नव्हतं." मावशीनं मान खाली घातली. "रद्दीला एवढे पैसे कोण देतं गं?"

"आमच्या बाबांजवळ बसून गात होतात, तेव्हाही हेच चाललं होतं?"

"ते गाणं खरं होतं, बाळा. त्याचे मी कधी कुणाकडून घेतले नाहीत."

ते खरं होतं, हे सूनबाईला कळत होतं. आणि त्यानंच तिचा जीव तुटत होता. खोटं असतं तर लिहिणं सोपं गेलं असतं.

"लिही माझं नाव," मावशी म्हणाली. "फक्त उद्या लिही. उद्या पगार आहे."

सूनबाईनं तोंड उघडलं. डोळ्यांपुढे नवऱ्याचे पाय आले, चप्पल न चढणारे. "मावशी, त्याच्याकडे उद्या नाही," एवढंच तिला बोलता आलं. कार्यालय बंद व्हायच्या आत ती परत पोचली. नाव लिहिलं, सही केली. खात्याचा संकेतशब्द बदलून घेतला आणि दर वर्षी ते कसं बघायचं, ते शिकून घेतलं.

मदत सुरू झाली. नवरा मशीनला लागला. वॉर्डातल्या नव्या बाईनं घाईघाईत झेरॉक्स मागितली.

"पाठीमागे लिहा हो, फोटो कशाला खराब करता?"

सूनबाईनं फोटोवरूनच लिहिलं.

"ती गाणारी मावशी दिसत नाही," नवरा म्हणाला. "बाबांसाठी म्हणायची ती."

"सुट्टीवर असेल."

त्याचं बोट पलंगाच्या दांडीवर हळूहळू वाजत होतं. ती त्याच्या उशाशी बसली आणि तेच गाणं धरायला लागली. पहिल्या ओळीपुढे तिला येत नव्हतं.