कुंपणापलीकडचा षड्ज

अँब्युलन्स यायला तासभर तरी लागेल, असं स्टाव्हरूलाने फोन ठेवून सांगितलं, तेव्हा तिची मुलगी फोतिनी त्यांच्या मागच्या अंगणात क्लॅरिनेटची रीड जिभेवर ओली करत उभी होती. मी कुंपणाच्या अलीकडे होते. स्वयंपाकघरातून आणलेल्या उंच स्टुलावर पेटी ठेवलेली आणि मी स्वतः एका पायरीवर चढलेली. समोर त्यांच्या मागच्या खोलीची बंद खिडकी. काचेआड फोतिनीचे आजोबा, लाझारोस, तीन उशांना टेकून बसले होते.

मेलबर्नचा तो दुसरा लॉकडाऊन. स्टाव्हरूला एका वृद्धाश्रमात नर्स होती. तिथून आजार घरात आला आणि वडिलांना धरून बसला. घर सगळंच विलगीकरणात. खोलीत जायचं ते फक्त स्टाव्हरूलाने, मास्क आणि गाऊन घालून. आजोबा आणि नात फोनवर बोलायचे, मध्ये काच.

लाझारोस उत्तर ग्रीसच्या डोंगरातून, इपिरसमधून, तरुणपणी इकडे आले. आयुष्यभर कारखान्यात वेल्डिंग केलं आणि शनिवार-रविवार आपल्या लोकांच्या लग्नांत, जत्रांत क्लॅरिनेट वाजवली. नातीला त्यांनी नाचाच्या सगळ्या चाली शिकवल्या होत्या. कागद नाही, नोटेशन नाही. माझी बोटं बघ आणि तुझी हलव. फक्त एक चाल ठेवली होती, त्यांच्या गावचा विलाप. त्याला शब्द नाहीत, नुसती क्लॅरिनेट रडते. ती वाजवणारे बाकीचे सगळे गेले होते. लाझारोसनी ती कधी रेकॉर्ड करू दिली नाही. रडायला समोर माणसं लागतात, यंत्र नव्हे, असं ते म्हणत. आणि लहान मुलीला विलाप कशाला, नंतर शिकवू, असंही म्हणत.

आता त्यांना फुंकर मारता येत नव्हती.

त्या आठवड्यात ते फोनवर तुकड्यातुकड्याने गुणगुणले. फोतिनी माझ्या शनिवारच्या गाण्याच्या झूम क्लासला बसायची, आमच्या मराठी मुलांबरोबर सारेगम म्हणायची आणि त्यांच्यासारखंच मला आजी म्हणायची. म्हणून मदतीला मला बोलावलं. मी कुंपणाशी उभी राहून ऐकलं, स्वर लिहिले आणि तिला तुकडे जोडून दिले. पोर हुशार. चालीत पाचच स्वर होते. मला वाटलं, हा तर आपला भूप.

"सुरू कर," मी म्हटलं आणि पेटीवर षड्ज धरला.

तिने पहिली ओळ वाजवली. चुकली नाही. दुसरीही नीट. तिसऱ्या ओळीला खिडकीच्या काचेवर थाप पडली. लाझारोस मान हलवत होते. अंगणातल्या खुर्चीवर ठेवलेल्या फोनच्या स्पीकरमधून त्यांचा श्वास ऐकू आला आणि मग, "ओही. ओही." नाही, नाही.

मी तिला पुन्हा वाजवायला लावलं. सावकाश, एकेक स्वर. मुलांना शिकवताना माझा धीर सुटत नाही. पण त्या दिवशी माझे कान रस्त्याकडे लागले होते. पुन्हा थाप. या वेळी ते खोकले आणि स्टाव्हरूलाने त्यांच्या बोटाला लावलेलं यंत्र बघून फोनमध्येच सांगितलं, आता पुरे.

मग ती बॅग घेऊन अंगणाच्या दारात आली. मास्कवरचे तिचे डोळे लाल होते. बाबांना हॉस्पिटलात नेताहेत आणि तुम्ही त्यांच्यासमोर मेलेल्या माणसाचं गाणं वाजवताय, असं ती इंग्रजीतच म्हणाली, म्हणजे मला कळावं. मी पेटीचा भाता सोडला. तिचं काही चुकलं नव्हतं.

उत्तर लाझारोसनी दिलं. ग्रीकमध्ये, दोन-दोन शब्दांनी. फोतिनी आजोबांना पापू म्हणायची. तिने ते मला सांगितलं, "पापू म्हणतो, हे त्याच्यासाठी नाही. आमच्या गावात फेस्टिव्हल ह्याच्यानेच सुरू होतो. आधी जे गेले त्यांच्यासाठी, मग डान्स. हे एकटं सोडायचं नाही. नंतर डान्स मस्ट आहे."

 स्टाव्हरूला बॅग खाली ठेवून भिंतीला टेकली.

एवढ्यात माझ्या मागचं काचेचं दार सरकलं. यतीन, माझा मुलगा, कानातला हेडफोन एका बाजूने काढून हळूच म्हणाला, "आई, जरा हळू. माझा मॅनेजर विचारतोय, शेजारी लग्न आहे का?"

"लग्न?"

"अगं, मस्त वाजवतेय ती. पण मीटिंग आहे."

तो आत गेला. मी मात्र पायरीवर गार पडले. गावचे सगळे मेलेले ज्यात आठवायचे, ती चाल ऐकून कुणाला तरी लग्न आठवत होतं.

मी पुन्हा खिडकीकडे पाहिलं. लाझारोस उताणा तळवा खालीवर करत होते, मग पालथा करून खाली दाबत होते. मघापासून मी त्याचा अर्थ 'हळू' असा घेत होते.

"फोतिनी, त्यांना विचार, खाली म्हणजे काय?"

तिने विचारलं. स्पीकरमधून एकच शब्द आला, "ईसो." आणि मग त्यांनी तोंड मिटून एक खालचा स्वर धरला. थरथरणारा, अगदी बारीक. फोतिनी म्हणाली, गावात एक जण वाजवतो आणि बाकीचे खाली हा एकच स्वर धरून ठेवतात.

तंबोरा! माणसांचा तंबोरा. मी पट्टीवर तो स्वर शोधला. मी ज्याला धैवत लिहिलं होतं, तो त्यांचा षड्ज होता.

मग सगळं कळलं. आठवडाभर ते गुणगुणताना जिथे थांबत, तिथे मी ओळ संपली असं समजत होते आणि त्याच स्वराला षड्ज मानत होते. ओळ तिथे संपतच नव्हती. त्यांचा श्वास संपत होता. शेवटचे उतरते स्वर ते म्हणू शकले नव्हते, आणि मी त्यांच्या दमण्याला चाल समजले.

"बाळा, तुझी बोटं बरोबर आहेत," मी म्हटलं. "चूक माझी आहे. आता माझा हा स्वर ऐक. प्रत्येक ओळ इथपर्यंत खाली आण, मगच श्वास घे."

"पण पापूने तसं शिकवलं नाही."

"त्यांना जमलं नाही. तुला जमेल."

दूर कोपऱ्यावर गाडी वळल्याचा आवाज आला. सायरन नव्हता. मी भाता दाबला आणि तो एक स्वर धरून ठेवला.

तेच पाच स्वर, फक्त आधाराचा स्वर बदललेला. पण पहिली ओळ खाली उतरत त्या स्वराला येऊन टेकली, तेव्हा क्लॅरिनेट पहिल्यांदा रडली. दुसऱ्या ओळीच्या शेवटी फोतिनीला श्वास कमी पडू लागला. चेहरा लाल झाला, तरी तिने स्वर सोडला नाही, घसरत घसरत घरी आणला. भिंतीशी टेकलेली स्टाव्हरूला मास्कच्या आत माझ्या पेटीबरोबर गुणगुणायला लागली. तो खालचा स्वर तिला लहानपणापासून येत असणार.

मी खिडकीकडे पाहिलं. थाप पडली नाही. लाझारोसनी डोळे मिटले होते आणि उजव्या हाताची बोटं चादरीवर नसलेली भोकं दाबत होती, नातीच्या बोटांबरोबर, एकही मागे-पुढे न होता.

शेवटची ओळ चालू असताना निळ्या गाऊनमधली दोन माणसं खोलीत आली. एकाने हात वर करून दुसऱ्याला थांबवलं. ओळ संपेपर्यंत ते दारातच उभे राहिले.

स्ट्रेचर बाजूच्या वाटेने निघालं. ऑक्सिजनच्या मास्कमुळे लाझारोसना बोलता येत नव्हतं. कुंपणाजवळून जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नातीकडे, आणि दोन बोटांनी स्ट्रेचरच्या दांडीवर नाचाचा ठेका धरला.

फोतिनी रडत होती. क्लॅरिनेट तिच्या हातात लोंबत होती.

"आजी, आय कान्ट."

मी काही म्हणायच्या आत स्टाव्हरूलाने बॅग उचलली. ती अँब्युलन्सच्या दिशेने निघाली होती, तशीच मागे वळून म्हणाली, "एकटं सोडायचं नाही, ऐकलंस ना? डान्स वाजव. गाडीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने."

फोतिनीने बाहीने नाक पुसलं आणि रीड पुन्हा ओली केली. मी भाता दाबला, तोच खालचा स्वर. आमच्या घरात यतीनची मीटिंग चालू होती. त्याने आतून दार बंद केलं नाही, उलट थोडं उघडलं.