पाण्यात उतरतेस म्हणून विचारते

अवंतिकाचा राग नाकावर नव्हता, कातडीवर होता. तिला आळशी म्हणा, फटकळ म्हणा, ती हसून सोडून द्यायची. पण रंगावरून कुणी अर्धा शब्द काढला की खेळ खलास. आणि गंमत बघा, काम पत्करलं ते पोरींना पोहायला शिकवण्याचं, तेही ग्वाल्हेरातल्या हजीऱ्याच्या उघड्या तलावावर, जिथे वैशाखात सकाळी आठलाच काठाच्या फरशीवर पाय ठरत नाही.

उन्हाच्या सगळ्या खोडी तिला ठाऊक होत्या. पाणी गार लागतं म्हणून माणूस फसतो, अंग भाजतंय हे त्याला कळतच नाही. म्हणून पाण्यात उतरायच्या अर्धा तास आधी सनस्क्रीन, तेही बोटभर नाही, चांगलं हातभर. बाहेर आलं की साध्या पाण्याने अंग धुवायचं, टिपायचं, आणि परत लावायचं. बाह्या लांब, टोपी घट्ट, आणि भर दुपारी तलावाचं नाव नाही. पोरी वैतागायच्या. ती एकेकीला ओळीत उभी करून पाठ बघायची, कारण पाठीवर आपला हात पोचत नाही, तिथे दुसऱ्यानेच लावावं लागतं.

हे शहाणपण तिला उशिरा आलं होतं. लहानपणी स्पर्धांच्या मागे धावताना तिला कुणी काही लावलं नव्हतं. त्या वर्षांत उन्हाने जे लिहिलं ते पुसलं गेलं नाही. गालांच्या हाडांवर तपकिरी चट्टे, मान चेहऱ्याहून काळी, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची रेघ. तिची आई राजलक्ष्मी दर रविवारी बेसन, हळद आणि साय कालवून मागे लागायची. सनस्क्रीन गोरं व्हायला लावतात असं आईचं ठाम मत. अवंतिका सांगून थकली की आई, ते भाजू नये म्हणून असतं, रंगासाठी नाही. आई म्हणायची, तेच ते.

राघव तिला तलावावरच भेटला. खासगी बाजार मोहल्ल्यातला, पाटबंधारे खात्यात इंजिनियर, तिशी आली तरी पोहता येत नव्हतं, म्हणून लाजत लाजत मोठ्यांच्या बॅचला आला. पहिल्या दिवशी तिने ट्यूब पुढे केली तर म्हणतो कसा, मी काय हीरो आहे का यार. दुसऱ्या दिवशी शर्ट अंगाला लागू देईना. पाठ टोमॅटोसारखी. अवंतिकाने त्याला मनसोक्त झापलं आणि घरून कोरफडीचं पान आणून दिलं. आठवडाभर त्याच्या खांद्यांची सालपटं निघत होती आणि तो ती दाखवून दाखवून तिला हसवत होता.

त्यानंतर तो शहाण्यासारखा सनस्क्रीन लावून यायचा, पण कान विसरायचा. सगळेच विसरतात. ती काठावरून ओरडायची, "कान राहिले." पुढे तेच त्यांचं झालं. फोन ठेवताना, रस्त्यात निरोप घेताना, दोघांपैकी एक म्हणायचा, कान राहिले. कुणी ऐकलं असतं तर वेड्यात काढलं असतं. एकदा त्याने तिच्या गालावरच्या चट्ट्याला बोट लावलं, आणि ती आक्रसली तेव्हा एवढंच म्हणाला, की मला तू अशीच दिसतेस, दुसरी कशी असतीस ते मला नाही माहीत. त्या दिवशी तिने ठरवलं, लग्न करीन तर ह्याच्याशी.

दोन्ही घरांना पसंत होतं. राघवची आई सुलोचनाबाई जुन्या वळणाच्या, पण बाई मायेची. साखरपुडा झाला. लग्न पावसाळ्याआधी उरकायचं ठरलं. आणि एका दुपारी सुलोचनाबाईंचा मोबाईलवर निरोप आला:

"अवंतिका, गळ्याचे, हाताचे मिळून तुझे किती डाग आहेत ते मोकळेपणी कळव. लाजू नकोस. तू पाण्यात उतरतेस म्हणून विचारते. बाकीचं मी बघून घेते."

अवंतिकाने तो निरोप परत परत वाचला. तिचा हात आपोआप मानेकडे गेला. म्हणजे ह्यांनी सगळं पाहिलं होतं. साखरपुड्याला हसून ओटी भरली तेव्हा ह्या मोजत होत्या. आणि बाकीचं बघून घेते म्हणजे काय, तर कुठल्याशा पार्लरात नेऊन बसवणार. ती बाथरूममध्ये कोंडून घेऊन रडली, मग तिला असा राग आला की ज्याचं नाव ते.

राघवला तिने निरोप दाखवला. तो ग्वाल्हेरचा पोरगा, तिच्यासारखाच हिंदीत वाढलेला. मराठी घरापुरती, तीही जेवणाखाणाची. त्यानेही वाचलं ते तेच वाचलं, आणि कानापर्यंत लाल झाला. मम्मी असं कसं लिहू शकते, मी विचारतो, म्हणाला. अवंतिकाने त्याला शपथ घातली, की माझ्या कातडीवर तुमच्या घरात चर्चा नको. विचारलंस तर परत तोंड दाखवू नकोस. त्याने शपथ पाळली. कधी कधी वाटतं, पाळली नसती तर बरं झालं असतं.

आईला तिने निरोप दाखवला नाही. दाखवेल कशी, आई म्हणाली असती, मी सांगत होते ना साय लाव. नुसतं म्हणाली, त्यांना माझे डाग मोजायचेत. आता राजलक्ष्मीबाईंचं पहा. त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, आपल्याकडे फार नाहीत हे त्यांना आधीच माहीत होतं. अवंतिकाला वाटलं, आई समजूत घालतेय. आईने मात्र डोक्यात राख घातली, तडक फोन लावला आणि सुलोचनाबाईंना सांगितलं, की जे घर पोरीचे डाग मोजतं त्या घरात आम्हाला मुलगी द्यायची नाही. पलीकडून काही बोलणं येण्याआधी फोन ठेवून दिला.

लग्न मोडलं. राघव दोनदा घरी आला, दोन्ही वेळा अवंतिका खोलीबाहेर आली नाही. तिसऱ्यांदा तो आला नाही.

वर्ष गेलं. वैशाख परत आला, तलाव परत गजबजला. राघवचं लग्न ठरल्याचं तिला कळलं होतं, यशश्री नावाच्या मुलीशी, चार दिवसांवर आलं होतं. अवंतिका पोरींच्या पाठीला सनस्क्रीन लावत होती, तेवढ्यात ओळखीतल्या शांताताई नातीला घेऊन आल्या. नात शरयू, नवीनच, पाण्याला घाबरणारी. शांताताईंनी तिच्या हातातल्या सोन्याच्या बिंदल्या काढल्या, गळ्यातली साखळी काढली, रुमालात बांधली आणि पुरचुंडी अवंतिकाच्या हातावर ठेवली.

"पोरीचे डाग तेवढे सांभाळ हं बाई."

अवंतिकाला वाटलं, शरयूच्या अंगावर काही आहे. तिने पोरीचे दंड पाहिले, मान पाहिली. कातडी स्वच्छ होती. तिने विचारलं, कुठले डाग? शांताताई हसल्या. म्हणाल्या, अगं तुम्हा पोरींना मराठी शिकवायला हवी, हे काय हातात दिले ते, सोन्याचे डाग, दागिने गं.

सनस्क्रीनची ट्यूब तिच्या हातात तशीच राहिली. गळ्याचे, हाताचे. तू पाण्यात उतरतेस म्हणून विचारते. पाण्यात उतरताना दागिने काढावे लागतात. क्लोरीनने सोनं खराब होतं. त्या बाईने एवढा विचार केला होता. आणि आईने डाग ऐकले ते दागिने, म्हणजे हुंडा. अवंतिकाने ऐकले ते चट्टे. दोघींनी मिळून एका भल्या बाईच्या तोंडावर दार लावलं होतं.

बॅच संपली, पोरी घरी गेल्या, पुरचुंडी शांताताईंना परत दिली, आणि मग ती निघाली. भर दुपारी, तोंडाला काही न लावता, उघड्या डोक्याने. गरम वाऱ्याची लू अशी वाहत होती की स्कूटरचं हँडल धरवेना. तिच्या मनात एकच होतं, अजून लग्न लागलेलं नाही. चार दिवस आहेत. तिला राघव हवा होता, वर्षभर दुसरं काही हवंच नव्हतं, आणि आता ते कबूल करायला तिला लाज वाटत नव्हती.

खासगी बाजारातल्या त्या घराच्या दाराशी मांडवाचे बांबू येऊन पडले होते. राघव पत्रिका वाटायला मुरारला गेला होता. सुलोचनाबाई एकट्याच ओसरीत लग्नाच्या करंज्यांवर कापड टाकत होत्या. तिला पाहून उठल्या, आधी पाणी आणून दिलं, मग समोर बसल्या.

"एवढं तरी सांग, माझं काय चुकलं?"

अवंतिकाने सांगितलं. निरोप उघडून दाखवला, गालावर बोट ठेवलं, मानेवर ठेवलं. म्हणाली, "काकू, मला हे डाग वाटले."

सुलोचनाबाईंनी मोबाईल बाजूला ठेवला. मग त्यांनी तिचा हात ओढून मांडीवर घेतला आणि मनगटावरच्या त्या रेघेवरून अंगठा फिरवला. त्या हळूहळू बोलल्या. तुझ्या आईला वाटलं मी हावरट, तेच मला लागलं होतं. तुझ्याकडे नसेल ते करायचं होतं, आणि हलकं, झटकन काढता येईल असं, रोज काढघाल करणारी पोर म्हणून. पाटल्या तर करूनही ठेवल्या होत्या. त्या मागच्या महिन्यात मोडल्या गं, त्यांच्याच यशश्रीसाठी नव्या केल्या.

अवंतिका म्हणाली, मी राघवला सांगते, तो आला की सांगते.

"नको गं. तो मांडवातून उठून तुझ्याकडे येईल, मी ओळखते त्याला. मग त्या पोरीने काय सांगायचं लोकांना? तिने काय केलंय?"

यशश्रीला अवंतिकाने पाहिलंही नव्हतं, पण एका शब्दापायी दारात आलेलं लग्न मोडणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? ती म्हणाली, नाही सांगत. आणि मग तिचा बांध फुटला, आणि सुलोचनाबाईही पदर तोंडाला लावून रडल्या. दोघी सासूसुना झाल्या नाहीत, पण रडल्या तशाच.

निघताना सुलोचनाबाईंनी तिच्या भाजलेल्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाल्या, एवढ्या उन्हात असं उघडं का आलीस, काही लावून तरी जा. राघव बघ, अजून घराबाहेर पडताना कानाला लावतो. कुणी शिकवलं विचारलं तर बोलत नाही.

गल्लीत येऊन अवंतिकाने स्कूटरच्या डिकीतून ट्यूब काढली. कपाळाला लावलं, गालांना लावलं, मानेला लावलं. डोळ्यांच्या पाण्याने सगळं ओघळत होतं. समोरच्या दुकानातल्या माणसाने विचारलं, काय झालं बिटिया. ती म्हणाली, डोळ्यात गेलं. मग तिने टोपी घातली आणि स्कूटर सुरू केली. कान राहिले होते, आणि ते तिला सांगणारं कुणी नव्हतं.