सातव्या खांबावरचे हत्ती

त्या बौद्ध मंदिराचा सभामंडप मुळात लाकडी होता. पुढे तोच दगडात बांधला, म्हणून दगडी खांबही लाकडासारखे आत कललेले. खांबांच्या दोन रांगा, शेवटी अर्धगोल भिंत आणि तिथे स्तूप. डावीकडच्या सातव्या खांबाचा माथा वीज पडून फुटला होता. पस्तीस वर्षांपूर्वी दोघा पाथरवट भावांतल्या धाकट्याने तो नव्याने कोरला. उलटं कमळ, त्यावर गुडघे टेकलेले दोन हत्ती. अकरा महिने तो दुसऱ्या कशाला शिवला नाही.

पुढे मंदिराचा इतिहास लिहायला आलेल्या आणि तिथली देखभालही पाहणाऱ्या बाईंनी नेमका तोच माथा सगळ्यांत जुना ठरवला. "असा हात आता कुणाचा राहिला नाही," त्या म्हणाल्या. थोरल्याने इतर खांबांवर केलेल्या डागडुजीला मात्र त्यांनी ठिगळं म्हटलं. धाकटा गालातल्या गालात हसला, पण त्याने खरं काय ते सांगितलं नाही. थोरल्याने ते हसू पाहिलं होतं.

मग धाकट्याची उजवी बाजू लुळी पडली. लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा सगळं थोरल्याच्या आणि वहिनीच्या हातात.

एके सकाळी थोरल्याने त्याला खुर्चीत घालून मंदिरात नेलं. बाई पाहुण्यांना तोच खांब दाखवत होत्या.

"बाई, हे हत्ती माझ्या भावाचे," थोरला सगळ्यांदेखत म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. "खरं का हो?"

धाकट्याने नाही म्हटलं असतं, तर हत्ती वाचले असते. पण उभ्या आयुष्यात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. "माझेच," धाकटा अडखळत म्हणाला, आणि पाकळीखाली कोरलेली स्वतःची खूण त्याने डाव्या हाताने दाखवली.

एक पाहुणा फिस्सकन हसला. बाई लालबुंद झाल्या. "नकली काम इथे नको. छताचा भार आहे, दगड राहू दे. नक्षी तेवढी उडवा."

"मीच उडवतो," थोरला म्हणाला.

त्याने खुर्ची खांबासमोर वळवली आणि बांबूच्या परांचीवर चढला. दुपारपर्यंत घाव पडत होते. धाकट्याच्या मांडीवर दगडाच्या कपच्या येऊन पडत होत्या. त्या झटकायलाही कुणी आलं नाही.

घरी थोरला त्याला जेवू घालायला बसला.

"छिन्नी कुठली घेतलीस?" धाकट्याने विचारलं.

"बोथट."

"का रे, दादा?"

"वेळ लागावा म्हणून," थोरला म्हणाला आणि घास पुढे केला. "आ कर."

धाकट्याने तोंड उघडलं.