शिवदास सरांचा गॅस

शिवदास सरांनी वीस वर्षं एकाच गोष्टीशी वैर धरलं होतं: गॅसशी. सिंगापूरच्या जुराँग आयलंडवरच्या आमच्या रिफायनरीत ते क्रॅकरचे प्रमुख. जड तेल तापवायचं, कॅटॅलिस्टवर फोडायचं आणि पेट्रोल काढायचं, हे त्यांचं काम. तापमान जरा जास्त चढलं की पेट्रोलचाही गॅस होऊन जातो. मग सर ओरडायचे, "गॅस उतरवा!"

२०१६मध्ये कंपनीने उलटंच फर्मान काढलं. पेट्रोलला पुढे गिऱ्हाईक कमी होणार. त्या गॅसमधलं प्रॉपिलीन मात्र प्लास्टिकवाल्यांना हवंय. नवा कॅटॅलिस्ट घाला आणि दोन दिवसांच्या चाचणीत प्रॉपिलीन दुप्पट करून दाखवा, नाहीतर युनिट बंद. चाचणी माझ्याकडे आली. मी रुपाली, सरांच्याच हाताखाली शिकलेली आणि तोंडाने फटकळ.

पहिल्या दिवशी गॅस वाढू लागला आणि सरांच्या तोंडून सवयीने निघालंच, "मिस्टर टॅन, टेम्परेचर डाउन!" कंट्रोल पॅनेलवर बसलेल्या टॅनने इमानदारीत उतरवलं. दिवस पाण्यात गेला. मी तडकले.

"सर, आज गॅस हाच आपला माल आहे! स्वतःच्या हाताने युनिट बंद पाडताय!"

सर ओशाळले. मला लगेच वाईट वाटलं, पण बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ते दोन्ही हात खिशात घालून उभे राहिले. गॅस चढत गेला, तो ओढून घेणाऱ्या कॉम्प्रेसरचा आकडा मर्यादेकडे सरकू लागला आणि घाबरलं कोण? मीच.

"टॅन, टेम्परेचर डाउन..."

"थांब," सर म्हणाले. "हा कॉम्प्रेसर मी ओळखतो. मर्यादा अजून लांब आहे. वाढू दे गॅस."

दुपारी लॅबचा रिपोर्ट आला: दुपटीच्याही वर. युनिट वाचलं! कँटीनमध्ये सरांनी घरी फोन लावला, आनंदाच्या भरात स्पीकरवरच.

"अगं ललिता, गॅस झाला! भरपूर झाला!"

"झाला ना? तरी सांगत होते, रोज ते हॉकरचं तळकट खाऊ नका. डब्यात ओव्याची पुडी आहे. चिमूटभर घ्या आणि वर गरम पाणी प्या."

हसून हसून मला ठसका लागला. सरांनी मात्र निमूटपणे पुडी सोडली आणि पेढे वाटावेत तसा प्रत्येकाच्या हातावर ओवा ठेवला. टॅनने तोंड वाकडं केलं आणि तो आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "वा, सो स्ट्राँग लाह!"

"चाव, चाव," सर त्याला चक्क मराठीत म्हणाले. "आता रोजच गॅस होणार आहे."