थोरल्याच्या छताखालून गेलेली तार

केबल कंपनीतल्या त्या लाइनमनला सगळे खांब्या म्हणत. अंगकाठी खांबासारखी, आणि अर्धा जन्म खांबावरच गेलेला. स्वभावाने नाकासमोर चालणारा. कुठे आवाज चढलेला दिसला की हा पुढच्या गल्लीने जायचा. त्या दुपारी मात्र भांडण त्याच्या शिडीखालीच येऊन उभं राहिलं.

काम तसं किरकोळ होतं. बापाच्या एका लांबलचक दुकानाचे दोन भावांनी मधे भिंत घालून दोन तुकडे केले होते. रस्त्याकडचा तुकडा थोरल्याचा, तिथे पाव-बिस्किटांची बेकरी. मागचा धाकट्याचा, तिथे मोबाइल दुरुस्ती. धाकट्याच्या गिऱ्हाइकांनासुद्धा थोरल्याच्या काउंटरला खेटून, अंग चोरून मागे जावं लागे. आता धाकट्याने नेटची जोडणी मागवली होती, आणि तार न्यायला थोरल्याच्या छताखालची सोडून दुसरी वाट नव्हती.

"भावाला विचारलंय ना?" खांब्याने खात्री करून घेतली.

"विचारायचं काय त्यात? सख्खा भाऊ आहे," धाकटा म्हणाला.

थोरला मैदा आणायला गेला होता. काउंटरवर त्याची बायको होती. ती हळूच खांब्याला म्हणाली, "भाऊ, ते येईपर्यंत थांबता का? त्यांना न विचारता केलेलं चालत नाही."

"वहिनी, तार आहे ती, साप नाही," धाकटा हसला.

खांब्या घुटमळला. पण पुढची कामं डोक्यावर होती, वरून साहेबांचे फोन. तो शिडीवर चढला. छताच्या कडेने खिळे ठोकत तार नेली, भिंतीला भोक पाडलं, पलीकडे धाकट्याच्या टेबलावर राउटर बसवला. हिरवा दिवा लागला तसा धाकटा लहान पोरासारखा खूश झाला. शेवटचे दोन खिळे तेवढे राहिले होते, काचेच्या काउंटरच्या बरोबर वर. खांब्या तिथे शिडी लावून ठोकत असतानाच थोरला खांद्यावर पोतं घेऊन आत आला.

त्याने वर पाहिलं. पोतं खाली टाकलं.

"कुणाला विचारून?"

"तुमचे भाऊ म्हणाले..."

"माझ्या छताला भोकं पाडायला तो कोण?"

भट्टीतून पावाचे पत्रे ओढायची लांब लोखंडी आकडी भिंतीला टेकून होती. थोरल्याने ती उचलली, तारेत अडकवली आणि हिसका दिला. खिळे तडातड उडाले, एक खांब्याच्या गालाला चाटून गेला. आवाज ऐकून धाकटा मागून धावत आला.

"दादा, तारेला हात लावायचा नाही!"

"तारेला नाही, तुझ्या नरड्यालाच लावतो!"

थोरल्याने धाकट्याच्या दिशेने झेप घेतली ती शिडीला धडकूनच. खांब्या बिस्किटांच्या डब्यांवर आदळला. तो उठेपर्यंत आकडीचा पहिला घाव धाकट्याच्या खांद्यावर बसला होता. हाड मोडल्याचा आवाज खांब्याने स्पष्ट ऐकला. धाकटा ओरडला नाही. मान खाली घालून तो बैलासारखा सुटला आणि थोरल्याच्या पोटात डोकं घालून त्याला ढकलत नेलं, थेट काउंटरच्या काचेतून आरपार.

मग काचांच्या ढिगात बसलेल्या थोरल्याच्या मांडीतून रक्ताची चिळकांडी उडाली. पाव लाल झाले.

खांब्याला रक्त बघवत नसे. तरी तो गुडघ्यावर बसला. हाताशी उरलेली तार होती, तीच त्याने मांडीच्या वरच्या अंगाला करकचून बांधली, तिच्यात स्क्रू ड्रायव्हर घालून पिळली. तार मांसात रुतली तसा थोरला गुरासारखा ओरडला. पण चिळकांडी थांबली.

"वहिनी, अँब्युलन्स बोलवा!"

तेवढ्यात डोक्यावर सावली पडली. धाकटा. एक हात लुळा लोंबतोय, दुसऱ्यात आकडी.

"सोड त्याला."

"सोडलं तर मरेल हा."

"मरू दे! मी रोज याच्यासमोरून चोरासारखा जातो. माझ्याच बापाच्या दुकानात!"

"अरे, भाऊ आहे तुझा!"

आकडी खांब्याच्या पाठीत बसली. श्वास अडकला, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण त्याने पीळ सुटू दिला नाही. दुसरा घाव बरगड्यांत. तिसऱ्यासाठी धाकट्याने हात उगारला, तेव्हा थोरल्याच्या बायकोने तराजूतलं मोठं वजन उचललं आणि सगळ्या ताकदीनिशी त्याच्या मनगटावर हाणलं. आकडी खणकन खाली पडली. धाकटा तिथेच काचांत बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. अँब्युलन्सवाल्यांनी येऊन मांडीचा ताबा घेतला तेव्हाच खांब्याने स्क्रू ड्रायव्हर सोडला. बोटं आखडली होती, ती दुसऱ्या हाताने उलगडावी लागली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात हवालदार त्याच्या खाटेपाशी आला. चेहरा विचित्र करून म्हणाला, "तुम्ही दारू पिऊन शिडीवर चढला होता म्हणे. शिडी पडली, काच फुटली, दोघे भाऊ जखमी झाले."

"कोण म्हणतं असं?"

"दोघंही. जबाब अगदी एकसारखा."

ज्याला वाचवलं तोही, ज्याने मारलं तोही! बरगड्या आवळून धरत तो उठला आणि हवालदाराच्या मागोमाग थोरल्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. खाटेवर थोरला, शेजारी हात गळ्यात बांधलेला धाकटा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघे भाऊ एका बाजूला. उशाशी थोरल्याची बायको.

"ही तिथे नव्हती," थोरला घाईने म्हणाला. "घरी होती."

"मी तिथेच होते," बायको म्हणाली. तिने पदराने हात पुसले आणि सगळं सांगितलं. तार कोणी ओढली, शिडीला कोण धडकलं, काचेत कोणी ढकललं, आणि पाठीत मार खात पीळ कोणी धरून ठेवला. वजन आपणच मारल्याचंही तिने लपवलं नाही.

"घरात पाऊल ठेवू नकोस आता," थोरला दातओठ खात म्हणाला.

"बरं. आणि उद्या दुकान कोण उघडणार? तुम्ही? एका पायावर?"

धाकट्याने मान खाली घातली. थोरला भिंतीकडे वळला.

पुढे धाकटा तुरुंगात गेला. थोरल्याचा पाय वाचला, पण काठी कायमची लागली. बेकरी त्याची बायको चालवते. खांब्यावरचा आळ गेला, तरी कामावर परतल्यावर पहिल्याच शिडीच्या निम्म्यात त्याने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. तो खाली उतरला, पायरीवर बसून राहिला. ज्यांच्या घरची जोडणी होती त्या म्हातारबुवांनी काही न विचारता पाण्याचा तांब्या आणून दिला. पाणी पिऊन झाल्यावर खांब्याने विचारलं,

"शेजाऱ्यांना सांगितलंय ना, आजोबा?"

"सांगितलंय की."

"मी एकदा त्यांच्या तोंडून ऐकून येतो," तो म्हणाला, आणि शेजारचं दार वाजवायला गेला.