बाहेरची घरं

माझी नात मयूरी जिथे संशोधन करते, त्या इमारतीचा तिसरा मजला अष्टाचंगचा पट झालेला आहे. चारी बाजूंनी व्हरांडा फिरतो. त्याच्या फरशीवर घरं आखलेली आहेत आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या घरात फुली आहे. व्हरांड्याच्या आत काचेच्या खोल्यांचं दुसरं कडं आहे, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एकच खोली. तिच्यावरही फुली आहे. लिफ्ट फक्त व्हरांड्यात उघडते.

मयूरी आतल्या कड्यात आहे. मला ती काचेतून दिसते. दर वेळी पाहते तेव्हा ती एक खोली पुढे गेलेली असते. मधल्या घरात पोचलेल्या सोंगटीचं काय करतात ते मला ठाऊक आहे. ती उचलून बाजूला ठेवतात आणि मग ती पटावर परत येत नाही. मयूरी मध्ये पोचायच्या आत मला तिच्यापाशी जायचं आहे.

आत जाण्याची अट जुनीच आहे. बाहेरच्या कड्यात कुणाची तरी एक सोंगटी मारलेली असावी लागते. मारलेली सोंगटी आपल्या घरी जाते आणि पहिल्यापासून सुरू करते. मी कुणाचीच मारलेली नाही.

मयूरीची डॉक्टरेट संगणकावरच्या खेळांची आहे. यंत्राला माणसासारखं खेळायला शिकवायचं, असं तिने मला सांगितलं होतं.

"यंत्राला काय कमी आहे?" मी विचारलं होतं.

"जिंकतं गं ते. पण माणसासारखं जिंकत नाही. तुझ्यासारखं कुणी शिकवलं पाहिजे."

म्हणून तिने मला गावाहून आणलं. प्रयोगशाळेत सतरंजी घातली, वर कॅमेरा लावला, आणि समोर ती स्वतः बसली. पौषापासून चैत्रापर्यंत आम्ही खेळलो. यंत्र बघत होतं. मी कवड्या तळहातांत घोळवून फुंकर मारते, ते त्याने घेतलं. दान काय खेळावं हे सुचत नसलं की मी पदराचं टोक दातात धरते, तेही घेतलं. मयूरीने त्याचं नाव गडी ठेवलं. पडद्यावर तो एक ठिपका होता. मग एका सोमवारी तो पडद्यावर नव्हता. व्हरांड्यात उभा होता. अंगात शर्ट होता, तरी दातात पदर होता.

आमच्या घरात मोठ्यांनी लेकरांची सोंगटी मारायची नाही, अशी रीत आहे. ती ओलांडून पुढे जायचं. त्यामुळे लेकरं आत जातात, मोठी माणसं बाहेर फिरत राहतात, आणि दिवेलागणीला कुणीतरी पट आवरतं. मयूरी समोर बसली होती, तर मी तिला मारणार कशी? सगळ्या डावांत मी तिला ओलांडूनच गेले. यंत्राने तेही घेतलं.

आता गडी आणि मी व्हरांड्यात फिरतो. तो मला ओलांडतो. मी त्याला ओलांडते.

दक्षिणेकडच्या फुलीवर विभागाचे शिपाई इंगळे स्टूल टाकून बसत. फुलीवर कुणाला मारता येत नाही.

"मावशी, बसा जरा. इथं कुणी हात लावत नाही."

"तुम्ही आत गेला नाहीत कधी?"

"आत काय आहे? एसी. मला सोसत नाही."

"पण साहेब लोक गेलेत."

"गेलेत की. त्यांना विचारा कुणाला मारून गेले ते. चहा सांडतो त्यांच्या हातून."

मी विचारलं. मयूरीचे मार्गदर्शक सरनाईक सर काचेच्या पलीकडून चालले होते. आतली घरं उलट्या दिशेने चालतात, म्हणून ते समोरून आले. काचेला खाली फट आहे. मी तिच्यापाशी वाकले, तेही वाकले.

"आजी, तुमचा गडी कुणालाच मारत नाही," ते म्हणाले. "असा गडी घेऊन पदवी मिळत नाही."

"त्याला नाही येत तर नाही येत. मयूरी कशी आत आली?"

"नियमानेच."

"कुणाला मारलं तिने?"

सरांनी रुमालाने चष्मा पुसला. "तुम्ही मध्ये एकदा गावी जाऊन आलात ना?" असं म्हणून ते पुढे गेले.

मी गेले नव्हते. मी एकदम तिथे होते. एका दुपारी मी व्हरांड्यात चालत होते आणि पुढचं पाऊल आमच्या ओट्यावर पडलं. पायात चपला होत्या, मुठीत कवड्या होत्या. शेजारची पारू म्हणाली, "अगं, कधी आलीस? एसटी तर अजून यायचीय." मी तिला काहीतरी सांगितलं आणि पुन्हा निघाले. तेव्हा मला वाटलं, वयामुळे झालं असेल.

मी मयूरीच्या खोलीसमोर जाऊन काच वाजवली.

"मला मारलंस का गं?"

ती टंकत होती. थांबली नाही. "तू समोर होतीस, आजी. दान पडलं."

"सांगायचं तरी."

"सांगून मारतात का?"

"जेवलीस?"

"इथं भूक लागत नाही."

"मग बाहेर ये. तुझा रंग बघ कसा झालाय."

"बाहेर येता येत नाही. पुढंच जाता येतं." आता तिने मान वर केली. तिच्या मानेमागची भिंत तिच्यातून दिसत होती. "तू आत ये ना."

त्या आठवड्यात इंगळे निवृत्त झाले. त्यांनी स्टूल उचललं, मग वाकून फरशीवरची फुली सोडवली, चार घड्या घालून पिशवीत टाकली. "माझीच आहे," म्हणाले. ते गेल्यावर बाकीच्या फुल्यांच्या मालकांनीही आपापल्या नेल्या. व्हरांड्यात थांबायला जागा उरली नाही. लिफ्टच्या जागी भिंत आली. मला अक्षरं उशिरा आली, त्यामुळे दारांवरच्या पाट्या मी अजून बोट लावून वाचते. त्या दिवशी सगळ्या पाट्यांवर एकच शब्द होता, आणि तो माझं नाव होता. मी एकेक दार ढकललं. उघडलं नाही.

घरं लहान होत गेली. आधी घरात चटई मावत असे, आता जेमतेम पाऊल मावतं.

आज गडी माझ्या पुढे आहे. तो वळून उभा राहिला आहे. त्याने दातातला पदर सोडला.

"आजी," तो म्हणाला. मला कुणी हाक मारताना त्याने एवढंच ऐकलेलं आहे. "मला मार."

"तुझं काय जाईल?"

"काही नाही. मी पहिल्यापासून येईन. पण तू कसं मारलंस ते बघून ठेवीन."

"मग?"

"मग मला येईल. मग मीही आत येईन."

काचेपलीकडे मयूरी मधल्या खोलीच्या दारात पोचली होती. तिच्या घरावर फुली नव्हती. आतल्या घरांतही मारतात, आणि तिथूनही मारलेली सोंगटी घरीच जाते.

"आणि मी नाही मारलं तर?"

"तर ती जाईल," गडी म्हणाला. "आपण फिरू."

मी कवड्या तळहातांत घोळवल्या आणि फुंकर मारली. समोर त्यानेही रिकाम्या तळहातांवर फुंकर मारली. कवड्या फरशीवर पडल्या. एक लोळत काचेपर्यंत गेली, थांबली, आणि तोंड वर करून पडली. तीन.

तो तीन घरं पुढे होता. मयूरीने दाराच्या कडीला हात घातला. मी उजवा पाय उचलला. गडी कवड्यांकडे बघत नव्हता. तो माझ्या पायाकडे बघत होता, आणि त्यानेही उजवा पाय तेवढाच उचलून धरला होता.