थोटीमायचा हात

राजेंद्रनं नवा लाकडी हात तिसऱ्यांदा खांबावरच्या मूर्तीला लावून पाहिला आणि तिसऱ्यांदा खाली उतरवला. कोपरापाशी बोटभर फट राहत होती. हातातली कमळाची कळी गाभाऱ्याकडे बघायची सोडून सरळ बाहेर, ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होती.

"बसना का?" मंडपाच्या पायरीवरून शांतीलालभाईंनी विचारलं.

"बसी जाई, भाऊ. घाई नका करू."

"घाई कशी नको करू? शुक्रवारले मॅडम ई ऱ्हायनी. आज बुधवार शे. ही थोटी ऱ्हायनी तं ती म्हनी, खंडित शे, कामनं नही."

शांतीलालभाई मंदिराच्या ट्रस्टचे अध्यक्ष. तापीकाठाला त्यांची केळीची बाग, आणि स्वभावही केळीच्या पिकासारखाच, हाताशी धरलेलं काम वेळेत उतरलंच पाहिजे असा. माणूस वाईट नव्हता. फक्त एखादी गोष्ट डोक्यात बसली की दुसरीला तिथं जागा उरायची नाही. सध्या डोक्यात सुरतेहून मागवलेला नकाशा होता: देवीपुढचा लाकडी मंडप पाडून तिथं संगमरवरी फरशीचा मोठा हॉल. ग्रामसभेचा ठरावही झाला होता. मग कुणीतरी म्हणालं, मंडप हेमाडपंती असेल तर? सरकारचे लोक येऊन पकडतील. तेव्हा पुरातत्त्वच्या बाईंना पत्र गेलं. त्यांनी मंडप यादवांच्या काळातला आहे असं लिहून दिलं तर त्याला कुणी हात लावणार नाही, नाही तर दिवाळीनंतर तो पडणार, एवढं साधं सरळ होतं. शांतीलालभाईंना दोन्ही चालणार होतं, जुना निघाला तर गावाचं नाव, नाही तर हॉल; फक्त मॅडमपुढे मोडकं काही दिसायला नको होतं.

आणि तो पडू नये असं गावात ज्याला मनापासून वाटत होतं असा माणूस एकच होता. तोच स्टुलावर उभा राहून लाकडी हाताशी झटापट करत होता.

मंडपाला सागाचे चार खांब होते. प्रत्येकावर एक बाई, डोक्यावर छताचा भार घेतलेली. त्यांतल्या दाराजवळच्या बाईचा डावा हात कोपराच्या जरा पुढे तुटलेला. गाव तिला थोटीमाय म्हणायचं. कुठल्यातरी फौजेनं तापी ओलांडताना तलवारीनं तिचा हात उडवला, ही गोष्ट गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. राजेंद्रचे वडील गोष्टी सांगत नसत. त्यांनी पटाशी हातात देण्याआधी राजेंद्रला वर्षभर या चौघींच्या दागिन्यांवरून नुसती बोटं फिरवायला लावली होती. दर दिवाळीला अळशीचं तेल लावायचं कामही त्यांच्याच घराकडे होतं. बाकी आता धंदा म्हणजे प्लायची कपाटं. माप घ्या, कापा, वर चकचकीत कागद चिकटवा. मागच्याच महिन्यात ब्राह्मणपुरीला एका बंगल्याच्या दारावर त्यानं पान कोरून देऊ का म्हणून विचारलं, तर मालक म्हणाला, धूळ बसते. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात कोरीव काम सांगणारं गिऱ्हाईक एकदाचं भेटलं, आणि तेही असं पायरीवर बसून घड्याळ बघणारं.

शांतीलालभाई बागेकडे गेले तेव्हा राजेंद्रनं सुटकेचा श्वास सोडला. हात बसत नव्हता त्याचं कारण उघड होतं. तुटलेल्या टोकावर शेंदराचे, तेलाचे, धुराचे थर चढून गुळाच्या ढेपेसारखा गोळा झाला होता. तो काढल्याशिवाय खुंटीसाठी भोक पाडता येणार नव्हतं. त्यानं रॉकेलचा बोळा घेतला आणि घासायला लागला.

तासाभरानं खालचं लाकूड दिसलं. राजेंद्रनं ते पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

लाकूड असं तुटत नाही. सागाचा हात मोडला तर तो रेषेरेषेनं फाटतो, लांब कुसळं निघतात, एक बाजू दुसरीपेक्षा वीतभर पुढे जाते. तलवारीनं उडवला तर सपाट कापला जातो. इथं तसं काहीच नव्हतं. इथं खोलगट शिंपल्यासारखे खळगे होते, मध्येच एक धारदार कंगोरा, कडेला टवका उडाल्यासारखी जागा. दगड फुटतो तसं. त्यानं बोट फिरवलं. प्रत्येक खळग्यात बारीक गोल पटाशीचे घाव होते, एकाला एक लागून, तांदळाच्या दाण्याएवढे.

हात तुटलाच नव्हता. तो तुटलेलाच कोरला होता.

राजेंद्र स्टुलावरून उतरला आणि खाली फरशीवर बसला. त्याला नदीतले दगड आठवले. खाली बॅरेजचा बंधारा व्हायच्या आधी उन्हाळ्यात तापी आटली की पात्राच्या कडेला जुन्या देवळाचे दगड उघडे पडायचे. त्यांत एक दगडाची बाई कुशीवर पडलेली असायची, आणि पोरं तिच्या कमरेवर बसून कैऱ्या खायची. तिला डावा हात नव्हता. आता ते सगळं पाण्याखाली गेलं होतं. कधीकाळी कुणी सुतार त्या दगडापाशी बसला आणि जे दिसलं ते लाकडात उतरवत गेला, बांगड्या, मेखला, बोटं, आणि फुटलेला हातही, जसाच्या तसा.

आधी त्याला हसू आलं आणि मागोमाग भयंकर चीड आली. एवढं कसब हातात असताना माणूस एक धड हात करू शकला नाही? साऱ्या मंडपात इतकं नाजूक काम दुसरं नव्हतं, आणि ते कशावर खर्ची घातलं, तर मोडतोडीवर! शिवाय हे टोक शुक्रवारी त्या बाईंनी बघितलं की संपलंच. दगडाची नक्कल म्हणजे देऊळ पडल्यानंतरची, म्हणजे हेमाडपंती नाही, म्हणजे मंडप गेला. आणि हे झाकायचं तर नवा हात बसवायला हवा. नवा हात बसवायचा तर टोक सपाट करायला हवं. मंडप वाचवायला मंडपातलं सगळ्यात चांगलं काम कापून टाकायचं!

"काय व्हयनं रे, राजेंद्र?" झाडू घेऊन आलेल्या रंजनाबाईंनी विचारलं. मंदिराची झाडलोट तीस वर्षं त्यांच्याकडे होती. "चक्कर उनी का?"

"काही नही, मावशी."

तो अंधार पडेपर्यंत तसाच बसला असता. पण पाच वाजता शांतीलालभाईंचा फोन आला, बसना का? राजेंद्रनं फोन खिशात टाकला. बारीक दातांची करवत घेतली आणि दात खाऊन टोक कापलं. दोन बोटं जाडीची चकती त्याच्या तळहातावर पडली. करवतीखाली लाकूड आतून मधासारखं पिवळं निघालं, आणि त्याला रडूच आलं. मग खुंटी मारली. हात पहिल्या फटक्यात बसला. गोंद मात्र त्यानं लावला नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

चकती घेऊन तो निघाला, तेव्हा रंजनाबाईंनी वाट अडवली.

"देवीना तुकडा शे. घरना चुल्हामा नको जावाले. तापीमायले सोडी ये."

खंडित झालेलं नदीत सोडायचं, ही रीतच होती. राजेंद्रनं घाटावर जाऊन चकतीला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि पाण्यात सोडली. ती चार हात गेली आणि परत आली. बॅरेजचं पाणी, ते कुठं वाहतंय! त्यानं पुन्हा ढकलली, ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा त्यानं तिथलाच एक बांबू उचलून तिला जलपर्णीच्या पलीकडे रेटलं आणि मागं न बघता घरी गेला. बायकोनं भाकरी वाढली तर म्हणाला, भूक नाही.

शुक्रवारी अकराला गाडी आली. भूमिका मॅडम तिशीच्या होत्या. बूट काढून अनवाणी मंडपात आल्या, नारळपाणी नको म्हणाल्या आणि टॉर्च घेऊन एकेक खांब बघत राहिल्या. शांतीलालभाई मागं मागं फिरत होते. राजेंद्र दाराशी उभा होता. 

पलीकडच्या खांबापाशी मॅडम थांबल्या आणि हसल्या.

"हिच्या नाकात नथ आहे बघा."

"चांगली शे ना?" शांतीलालभाई म्हणाले.

"सुंदर आहे. पण यादवांच्या काळातल्या कुठल्याही मूर्तीला नथ नसते, काका. ती फार नंतर आली. बाकी सगळं त्यानं जुन्यावरून घेतलंय, पण बाई बिननथीची करवली नसेल त्याला. हा मंडप दीडशे वर्षांचा असेल. एकोणिसाव्या शतकात जुन्या देवळांसारखं काम करायची हौस बऱ्याच ठिकाणी होती."

राजेंद्रनं त्या खांबाकडे पाहिलं. नथ! चाळीस वर्षं त्यानं त्या नथीला तेल लावलं होतं. मग ते टोक कापलं कशाला?

"म्हणजे डुप्लिकेट," शांतीलालभाई म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

"नक्कल म्हणा. कुणी केलं असेल? त्या काळी गावात सुतार कोण होते?"

 मग खांबाआडून रंजनाबाई म्हणाल्या, "मिस्तरीनं घर गावमा पयलेपासून एकच शे. हाऊ उभा शे तेन्हंच."

सगळ्यांनी राजेंद्रकडे पाहिलं. राजेंद्रनं आपल्या हातांकडे पाहिलं. आपल्या घराण्यानं या चौघींना फक्त तेल लावलं, असंच तो समजत आला होता. पणज्याचा बाप की त्याचाही बाप, नावसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. आणि परवा बसून त्यालाच त्यानं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

"पण आमच्या यादीत हे बसायचं नाही," मॅडम वही मिटत म्हणाल्या. "मला वाईट वाटतं. अशा नकला खूप आहेत, त्यामुळे वर कुणी ऐकून घेत नाही. काही वेगळं असतं तर मी भांडले असते. गुजरातेत एका ठिकाणी मी पाहिलंय, कारागिरानं फुटकी मूर्ती समोर ठेवून फुटलेला भागसुद्धा तसाच कोरलाय. असं सहसा सापडत नाही." त्यांनी टॉर्च थोटीमायवर धरला. "हा हात मात्र आत्ताचा आहे ना? याखाली काय होतं?"

"काही नही मॅडम, तुटेल व्हतं," शांतीलालभाई म्हणाले. "चला, चहा लेवा. ठराव ते व्हयेलच शे, दिवाळीनंतर काम सुरू करूत."

राजेंद्र एक पाऊल पुढे आला. बोलायला तोंड उघडलं, पण दाखवायला होतं काय? सपाट कापलेलं लाकूड? त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? तो मंडपातून बाहेर पडला. आधी चालत होता, वडाच्या पाराशी पोहोचेपर्यंत धावायला लागला.

घाटाच्या पायऱ्यांवर त्यानं चप्पल काढली आणि पॅंट वर न करताच पाण्यात उतरला. परवाचा गोळा झालेला कचरा तिथंच होता. नारळ, झेंडूच्या माळा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कुणाच्यातरी गणपतीचा पाट. जलपर्णी दोन्ही हातांनी बाजूला सारत तो कमरेपर्यंत गेला. खिशात मोबाइल होता. तो वाजला आणि मग वाजायचा बंद झाला. एक नारळ हाती लागला, तो त्यानं चिडून भिरकावला. बॅरेज झाल्यापासून पाणी हलत नाही म्हणून तो वर्षानुवर्षं बोटं मोडत आला होता. आज पहिल्यांदाच त्याला वाटलं, हललं नसू दे.

"मिस्तरी!" वरून शांतीलालभाईंची हाक आली. "काय पडनं पाणीमा?"

"मॅडमले सांगा, गाडी सुरू नका करू!"

जलपर्णीच्या मुळांत काहीतरी अडकलं होतं. त्यानं ओढलं. हळद धुऊन गेली होती, फूल कुजून चिकटलं होतं. चकती पाणी पिऊन जरा जड झाली होती, पण सागच तो, तरंगत होता. त्यानं ती शर्टाला पुसली आणि उन्हात धरली. पटाशीच्या प्रत्येक घावात पाण्याचा थेंब अडकला होता, त्यामुळे ते परवापेक्षाही स्वच्छ दिसत होते.

तो वर आला तेव्हा गाडीचं दार उघडं होतं, एक पाय आत ठेवून मॅडम ड्रायव्हरशी बोलत होत्या. राजेंद्रच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. धाप लागल्यामुळे नीट बोलता येईना. शाळेतली मराठी आठवत त्यानं चकती पुढे केली.

"हे तुटलेलं नाही, मॅडम," तो म्हणाला. "केलेलं आहे. मी कापलं."

मॅडमनी चकती दोन्ही हातांत घेतली, उन्हाकडे तिरकी केली, आणि गाडीत ठेवलेला पाय खाली घेतला.